पुष्पांजलीची पन्नासची लेन्स

अमडापूरच्या बसस्टँडसमोर पुष्पांजलीचं दुकान आहे. छोटी खोली, मागे निळा पडदा, पडद्यापुढे स्टूल, भिंतीवर आरसा आणि आरशाखाली दोरीला बांधलेला कंगवा. बँकेचं पासबुक असो की परीक्षेचा अर्ज, फोटो लागला की आसपासच्या खेड्यांतली माणसं त्या स्टुलावर येऊन बसतात. दाराशी एक खुर्ची असते, ती माझी. तीस वर्षं मी नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव फिरलो, जत्रांमधून राजे आणि सेनापती झालो. आता गुडघे सिंहासनावर चढू देत नाहीत. म्हणून रोज सकाळी इथे येऊन बसतो. तासाभरात दहापंधरा नवे चेहरे बघायला मिळतात, आणि त्यातला एकही नटाचा नसतो. म्हाताऱ्या नटाला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

पण पुष्पांजलीची खरी ओळख त्या स्टुलापाशी होत नाही. ती होते बाजारात.

बाजाराच्या दिवशी ती दुपारपर्यंत दुकान बंद ठेवते आणि गळ्यात कॅमेरा अडकवून निघते. कॅमेऱ्याला एकच लेन्स, पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची. तिला झूम नाही. माणूस जवळ हवा असेल तर आपण जवळ जायचं, लांब हवा असेल तर आपण मागं सरायचं. या लेन्सचं माप पुष्पांजलीच्या पायांत बसलेलं आहे. कॅमेरा उभा धरला तर अख्खा माणूस चार पावलांवरून मावतो, आडवा धरला तर सहा पावलं लागतात. नुसता चेहरा आणि खांदे हवे असतील तर दीड पाऊल पुरे. तिचा नवरा ज्ञानेश्वर भाजीपाला पिकवतो आणि तिची थट्टा करायची एकही संधी सोडत नाही. तो सगळ्यांना सांगतो, ही स्वयंपाकघरातबी सहा पावलं मांगं सरते अन् मंग सांगते वरनात मीठ कमी हाय म्हून.

माहेर तिचं चिखलीचं. दहावीनंतर ती तिथल्या एका स्टुडिओत कामाला लागली. फोटो कापायचे, धुतलेले कागद वाळत घालायचे, फोटोवर पडलेले पांढरे ठिपके बारीक ब्रशनं भरायचे, असं काम. स्टुडिओचे मालक म्हातारे होते आणि फार बोलत नसत. तिच्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली, त्यांनी आपला जुना कॅमेरा दिला. त्यावर हीच लेन्स होती. तेव्हा रीळचा जमाना. एका रिळात छत्तीस फोटो आणि ते रीळ तिला तीन महिने पुरवायचं असे. त्यामुळे बघायचं खूप आणि बटण दाबायचं क्वचित, ही सवय तिला लागली. पुढे अकोल्याहून तिनं जुना डिजिटल कॅमेरा आणला. त्याच्यावर मालकांची लेन्स चपखल बसली. आता हवे तेवढे फोटो निघतात, पण तिची सवय मोडली नाही. फोकस करायची लेन्सची कडी ती अजून हातानंच फिरवते.

लोकांनी तिला झूमची लेन्स घे म्हणून खूप सांगून पाहिलं. एकदा एका लग्नासाठी तिनं उसनी आणलीसुद्धा. मी विचारलं, कशी होती? म्हणाली, "काकाजी, बसल्या जागी सगळं जवळ येऊन राह्यलं होतं. मी हललीच नाई. घरी पाह्यलं तं सगळे फोटो एकाच खुर्चीतून काढल्यासारखे."

तिच्याबरोबर बाजारात हिंडून मी म्हातारपणी काही गोष्टी नव्यानं शिकलो. पहिली म्हणजे ती आधी माणूस शोधत नाही, जागा शोधते. एखादी भिंत, दोन पालांमधली उन्हाची चीर, तराजूमागची निळी ताडपत्री. ती जागा पसंत पडली की आपण कुठे उभं राहायचं ते ठरवते आणि थांबते. माणूस आपसूक तिथे येतो. आमच्याकडे यालाच पडदा लावून नटाची वाट बघणं म्हणत. फरक इतकाच, की आमचा नट सांगितल्या वेळेला यायचा आणि प्रेक्षकांकडे तोंड करूनच उभा राहायचा. पुष्पांजलीला मात्र तिच्याकडे न बघणारा माणूस लागतो.

दुसरी गोष्ट शिकायला मला वेळ लागला. चौकटीच्या कडेला काय येतं ते ती सगळ्यात शेवटी बघते आणि जे मावत नाही ते खुशाल सोडून देते. मी जन्मभर उजेडाच्या मध्यभागी उभा राहण्यासाठी धडपडलो. सोडून देणं हीदेखील कला असते, हे मला पंचाहत्तरी उलटल्यावर एका फोटोवाल्या बाईनं शिकवलं. शिकवलं म्हणतो, पण पिंपळगाव राजा या गावी जे झालं त्यावरून मी काहीच शिकलो नव्हतो असं तुम्ही म्हणाल.

नागपूरची एक प्रकाशन संस्था वऱ्हाडातल्या आठवडी बाजारांवर फोटोंचं मोठं पुस्तक करत होती. प्रत्येक जिल्ह्याला एक फोटोग्राफर. काम पाहणाऱ्या अनुपमा नावाच्या बाईंनी कुठेतरी पुष्पांजलीचे फोटो पाहिले आणि फोन केला. बुलडाणा जिल्हा द्यायचा तर सहा महिने गावोगावचे बाजार फिरावे लागतील, म्हणाल्या. मग विचारलं, लेन्स कोणत्या आहेत? एकच आहे, असं पुष्पांजलीनं सांगितल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, एकच? शेवटी ठरलं ते असं: पिंपळगाव राजाच्या एका बाजारातून दहा फोटो पाठवायचे. सजवलेले, उभे करून काढलेले चालणार नाहीत. पसंत पडले तर जिल्हा तिचा, नाही तर नागपूरहून त्यांचा माणूस येईल.

पुष्पांजलीनं हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हातातल्या कात्रीनं पासपोर्ट फोटोचा एक कान कापला गेला होता. वीस वर्षं ती स्टुलावर बसलेली माणसं बघत होती. बाहेर हिंडून, दूरच्या बाजारांत उभं राहून फोटो काढायचे, एवढीच तिची इच्छा होती. ती संधी पहिल्यांदा दाराशी आली होती.

आणि मी, मोठ्या मनाचा माणूस, तिला मदत करायला निघालो.

पिंपळगाव राजाला माझे जुने स्नेही आहेत, इंद्रभानराव. आमची कंपनी तिथे जायची तेव्हा हा तरुण पडद्याची दोरी ओढायला हौसेनं उभा असे. आता सत्तरीचे आहेत, गावात आणि बाजारात त्यांचा शब्द चालतो. मी त्यांना फोन करून सांगितलं, आमची बाई येते आहे, मोठ्या पुस्तकासाठी तुमच्या बाजाराचे फोटो काढणार आहे, जरा लक्ष ठेवा. ते म्हणाले, "नारायणराव, तुमी काईच काळजी करू नका. असा बाजार तिनं जन्मात पाह्यला नसंल."

ते खरं निघालं. असा बाजार कोणीच पाहिला नव्हता.

आम्ही खामगावहून सकाळच्या गाडीनं पोचलो. बाजाराच्या तोंडाशी ताजा फलक: सुप्रसिद्ध छायाचित्रकार पुष्पांजलीताई यांचे हार्दिक स्वागत. आत गेलो आणि मी जागीच थांबलो. भाजीवाल्यांच्या सरळ दोन रांगा. पुरुषांचे धुतलेले पांढरे कपडे, बायकांच्या लग्नाकार्यातल्या साड्या. वांग्यांचे आणि टमाट्यांचे देवळाच्या कळसासारखे ढीग. उजेड नीट यावा म्हणून वरच्या सगळ्या ताडपत्र्या सोडवून ठेवलेल्या. मध्ये टेबल, टेबलावर शाल, नारळ आणि गुलाबी फेटा, पाहुणीसाठी प्लॅस्टिकची खुर्ची. आम्ही दिसताच दोन्ही रांगांतली माणसं हात खाली सोडून ताठ उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे बघायला लागली. कोणी विकत नव्हतं, कोणी घेत नव्हतं. नाटकात पडदा वर गेल्यावर आम्ही असेच दिसत असू.

फोटो काढायचा म्हणजे माणसानं नीट दिसलं पाहिजे, ही आमच्या भागातली समजूत. आणि पाहुणा आला की आधी त्याचा सत्कार. त्या लोकांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. चूक माझी होती. मी पुष्पांजलीकडे बघितलं नाही, बघवलं नाही.

सत्कार झाला. इंद्रभानराव बोलले, माजी सरपंच बोलले. फेटा खरं तर पुष्पांजलीसाठी होता, पण फेटा घातल्यावर डोळ्याला कॅमेरा लावता येणार नाही असं तिनं हात जोडून सांगितलं, तेव्हा लोकांनी तो इंद्रभानरावांच्याच डोक्यावर चढवला. त्यात अर्धापाऊण तास गेला. सकाळचं तिरपं ऊन, ज्याच्यासाठी आम्ही पहाटे निघालो होतो, ते सरळ होत चाललं.

मला वाटलं, आता ही सगळ्यांना सांगणार, कपडे बदला, ताडपत्र्या बांधा. तिनं तसं काही केलं नाही. एका पांढऱ्या भिंतीपाशी गेली, चार पावलं मोजली आणि म्हणाली, या, एकेकानं या, सगळ्यांचे फोटो काढते. आणि खरोखरच काढले. ताठ, समोर बघून, हात खाली सोडून. दुकानात काढते तितक्याच मनापासून. बांगड्यावाल्या काढल्या, मिरचीवाले काढले, इंद्रभानरावांचा फेट्यासकट काढला. मी कासावीस होऊन तिच्या कानाशी लागलो, की अगं, वेळ चाललाय. ती कडी फिरवता फिरवता म्हणाली, "काकाजी, ज्याचा फोटो निंघाला तो माह्याकडं पाह्यनं बंद करते. पाहा तुमी."

तसंच झालं. ज्याचा फोटो निघाला तो सुटल्यासारखा आपल्या जागेवर जाऊन मालाला लागला. गिऱ्हाईक यायला लागलं. मग उन्हानं आपलं काम केलं. दहा वाजले तसा ढिगांवरचा माल माना टाकायला लागला, आणि ज्या ताडपत्र्या उजेडासाठी सोडल्या होत्या त्यांच्यासाठी आरडाओरडा सुरू झाला. दोऱ्या सापडेनात, बांबू सापडेनात, ज्यानं सोडवल्या त्याच्या नावानं शिव्या. सोडवायला इंद्रभानरावांनी सांगितलं होतं, म्हणून तेही बांधायला लागले. दहा मिनिटांत तो नाटकाचा देखावा मोडला आणि बाजार उभा राहिला. पुष्पांजली तोवर भिंतीपासून निघून पालांच्या सावलीत शिरली होती. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

तेवढ्यात सिंधूताई आल्या. शेजारच्या खेड्यातून सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायला येणारी ही बाई. वाटेत ऑटो बंद पडला म्हणून त्यांना उशीर झाला होता. त्यांना सत्कार माहीत नव्हता, पुस्तक माहीत नव्हतं. रोजच्या विटक्या लुगड्यात त्या रांगेच्या टोकाला बसल्या आणि जुड्यांवर पाणी शिंपडायला लागल्या. त्यांच्यावर ऊन येत होतं. इंद्रभानरावांनी ते पाहिलं. पाहुणीची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून तिच्यावर चढले आणि ताडपत्रीचं टोक वर बांधायला लागले. सावली जमिनीवरून सरकत सरकत सिंधूताईंच्या जुड्यांवर आली. अर्ध्या जुड्या सावलीत, अर्ध्या उन्हात, आणि मध्ये पाणी शिंपडणारे त्यांचे हात.

पुष्पांजली मागे सरत होती. एक, दोन, तीन, चार. चौथ्या पावलाला पाठ उभ्या टेम्पोला टेकली. पाचवं पाऊल नव्हतंच. मी बाजूलाच होतो. तिनं कॅमेरा उभा धरला, पाहिलं, आडवा केला आणि एकदाच बटण दाबलं.

सिंधूताईंना तिनं तिथंच कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला, छापू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, सांबार ताजा दिसते, छाप. इंद्रभानराव तोवर दुसऱ्या ताडपत्रीकडे गेले होते.

दहा फोटो नागपूरला गेले. चार दिवसांनी अनुपमाबाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, नऊ फोटो चांगले आहेत, पण तसे आमच्याकडे आहेत. हा दहावा मात्र कोणाकडे नाही, हा पुस्तकाच्या पहिल्या पानावर जाईल. पण खुर्चीवरच्या माणसाचं कमरेवरचं काहीच त्यात नाही. गावातला मानाचा माणूस म्हणता, उद्या पुस्तक पाहून चिडला तर? त्याच्याकडून लेखी संमती आणा. आणली तर जिल्हा तुमचा. नाही तर हा फोटो घेता येणार नाही, आणि नुसत्या नऊ फोटोंवर मला तुम्हाला काम देता येणार नाही.

आता बघा. ज्या माणसानं फलक लावला, शाल दिली, भाषण केलं, त्याला जाऊन सांगायचं, की तुमच्या बाजाराचा सगळ्यात चांगला फोटो हा आहे आणि त्यात तुमचं डोकं नाही.

मी म्हटलं, मी बोलतो त्यांच्याशी, आमची जुनी ओळख आहे, जरा गोड करून सांगतो. पुष्पांजली कधी नव्हे ती कडक झाली. "नाई काकाजी. फोन करू नका. तुमी सोबत या, पन बोलू नका." मग मी दुसरी युक्ती काढली. फेटा घातलेला त्यांचा तो ताठ फोटो मोठा करून, फ्रेम करून आधी हातात द्यायचा, खूश करायचं, मग दुसरा दाखवायचा. फ्रेम तिनं केली, पण पिशवीच्या तळाशी ठेवली.

इंद्रभानरावांच्या ओसरीवर आम्ही बसलो. त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी चहा आणला आणि त्याही दाराशी टेकल्या. पुष्पांजलीनं पाकिटातून फोटो काढून इंद्रभानरावांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. मी नाटकात मोठमोठे विराम घेतलेत, पण इतका मोठा विराम घ्यायची माझी कधी हिंमत झाली नाही.

"हे माहे पाय हायत," ते म्हणाले. "अन् मी कुठं हाय?"

"वर राह्यले तुमी," पुष्पांजली म्हणाली. "माह्या मांगं टेम्पो होता, काका. सरकाले जागा नोती. कॅमेरा उभा धरला असता तं तुमी फेट्यापर्यंत आले असते. पन या बाईचे हात कापल्या गेले असते."

"मंग मले कापलं."

"हाव," ती म्हणाली. "तुमाले सोडलं अन् तुमची सावली ठेवली. तिच्यासाठीच तं चढले होते तुमी खुर्चीवर."

माझ्या जिभेवर पन्नास गोड वाक्यं तयार होती आणि मी ती गिळून बसलो होतो. इंद्रभानराव फोटोकडेच बघत राहिले. जमिनीवरच्या सावलीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, जुड्यांपर्यंत नेलं. मग फोटो कौशल्याबाईंकडे दिला.

कौशल्याबाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "डोकस्कं पाह्यजेच कायले? चवड्यावर उभे हायत. दोरी ओढतानी हे लग्नापासून असेच उभे राह्यतात. मी तं पायावरूनच वळखलं."

इंद्रभानराव हसले. आधी ओठात, मग मोठ्यानं. म्हणाले, लोक तं माह्यं तोंड रोजच पाह्यतात. आणि कागद मागितला.

पुष्पांजलीनं मजकूर लिहून आणला होता, फक्त सही हवी होती. तो त्यांनी वाचला, बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "या फोटोतले पाय माझे आहेत. ताडपत्री मी बांधत होतो. फोटो आहे असाच छापावा, माझी तक्रार नाही." खाली पूर्ण नाव, वय, गाव.

तो कागद हातात आल्यावर तिनं पिशवीच्या तळातली फ्रेम काढली आणि त्यांना दिली. आधी नाही. आयुष्यभर मी टाळ्या मिळवण्याच्या युक्त्या शिकलो आणि शिकवल्या, त्यातली एकही तिनं वापरली नाही.

कागदाचा फोटो तिनं ओसरीवरूनच नागपूरला पाठवला. कौशल्याबाई दुसऱ्यांदा चहा ठेवायला आत गेल्या तोवर उत्तर आलं. पुष्पांजलीनं ते वाचलं, मला दाखवलं. जिल्हा तुमचा, सुरुवात मोताळा तालुक्यातून करा, रोहिणखेड घ्या, असं त्यात होतं. मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

ती मात्र कामाला लागली होती. आत जाऊन तिनं कौशल्याबाईंना विचारलं, रोहिणखेडचं कोणी ओळखीचं आहे का? कौशल्याबाईंचं माहेरच रोहिणखेड निघालं.

"मंग मले एक सांगा, काकू," पुष्पांजली म्हणाली, "तिथं सकाळच्याले सावली कोन्या बाजूनं पडते?"

कौशल्याबाईंनी चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला. साखरेचा डबा म्हणजे मशिदीची जुनी भिंत, बश्या म्हणजे रस्ता, असं मांडून त्या एकेक कप सरकवायला लागल्या. पुष्पांजली त्यांच्यासमोर उकिडवी बसली, एकदा मागे सरली आणि वही उघडून लिहायला लागली.